सोसायटीतला संगणक

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे हे कळलं की लोक साधारण दोन प्रश्न विचारतात. ‘म्हणजे तुम्ही हॅकिंग वगैरे करता?’ आणि ‘त्यात वर्ड चालतं का?’ पहिल्यावर नुसतं हसून भागतं. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे. वर्ड चालत नाही, पण लिबरऑफिस आहे, त्यात वर्डच्या फायली उघडतात, म्हणजे बहुतेक उघडतात, फक्त... इथवर आले की समोरच्याने विषय बदललेला असतो.

मी भाषांतरं करते. कधी ठिबक सिंचनाची माहितीपत्रकं, कधी आरोग्याच्या पुस्तिका, नशीब जोरावर असलं तर एखादं पुस्तक. दिवसाचा बराचसा वेळ एकाच पडद्याकडे बघण्यात जातो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टम हा माझ्यासाठी तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नाही. मान धरते का, डोळे चुरचुरतात का, त्याच पंगतीतला तो विषय आहे.

लिनक्स घरात आलं ते भाच्यामुळे. जुना लॅपटॉप इतका रडतखडत चालायचा की तो सुरू करून मी कुकर लावायला जात असे. भाच्याने एका दिवाळीच्या सुट्टीत त्यावर डेबियन हे लिनक्सचं एक वाण घातलं, ‘मावशी, टर्मिनलला घाबरू नकोस, ते चावत नाही,’ एवढं त्या हुकूम टाइप करायच्या खिडकीबद्दल सांगितलं आणि पुढच्या वर्षी जर्मनीला निघून गेला. काही अडलं तर त्याची सकाळ उजाडेपर्यंत इथे सांगलीत माझी दुपार व्हायची. तेवढा वेळ हातावर हात धरून बसण्यापेक्षा मी स्वतःच खुडबुड करायला लागले.

आवडणाऱ्या गोष्टी सांगायच्या तर त्या फारच बारीकसारीक आहेत. माउसचं मधलं बटण, उदाहरणार्थ. शब्द नुसता सिलेक्ट करायचा, दुसऱ्या खिडकीत जाऊन चाक दाबायचं, शब्द तिथे उमटतो. कॉपी नाही, पेस्ट नाही. शिवाय आधी कंट्रोल-सी करून उचललेला मजकूर वेगळा शाबूत राहतो, म्हणजे एका वेळी दोन गोष्टी हातात. ही सोय एक्स विंडो या जुन्या प्रणालीकडून आलेली आहे. ती अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८४ साली सुरू झाली. आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी वेलँड आलंय, पण मधलं बटण अजून आहे. टिको बापडं. मूळ मजकूर, शब्दकोश आणि अनुवाद अशा तीन खिडक्यांत दिवसभर नाचणाऱ्या माणसाला त्या चाकाची किंमत विचारावी. बहिणीच्या विंडोजवर बसले की मी सवयीने चाक दाबत राहते, आणि मग ती विचारते, ‘ताई, काय खुपसतेयस सारखं?’

दुसरं प्रेम ग्रेपवर. केन थॉम्प्सनने बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेला हा इवलासा प्रोग्रॅम. फायलींच्या ढिगातून हवा तो शब्द असलेल्या ओळी तो काढून देतो, दुसरं काही करत नाही. मी संपवलेल्या प्रत्येक कामाची एक साधी टेक्स्ट प्रत ठेवते. ‘मल्चिंग’ला मागच्या वेळी ‘आच्छादन’ केलं होतं की आहे तसंच ठेवलं होतं, हा प्रश्न पडला की एक ओळ टाइप करायची. पापणी लवायच्या आत कित्येक वर्षांची वाक्यं समोर येतात. भाच्याचं खरं होतं, टर्मिनल चावत नाही. आपलीच जुनी मराठी मात्र अधूनमधून चावते.

आणि अपडेट. नवीन काय काय आलंय ते ही सिस्टम सांगते आणि थांबते. ब्राउझर, लिबरऑफिस, फॉन्ट, शब्दकोश, अगदी कर्नल म्हणजे सिस्टमचा गाभासुद्धा, सगळं एकाच कोठारातून येतं. मी होय म्हणेपर्यंत काही होत नाही, झाल्यावरही ‘आता रीस्टार्ट’ असा हट्ट नाही. डेबियनची नवी आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. जून २०२३ मध्ये बुकवर्म आली, ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रिक्सी. ही नावं ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्यांची आहेत, कारण सुरुवातीच्या काळात प्रकल्पाची धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स तो सिनेमा काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी आवृत्ती कायम अस्थिर असते तिचं नाव सिड, म्हणजे सिनेमातला तो खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. मी सिडच्या वाटेला जात नाही. दोन वर्षं एकही बटण जागचं हलत नाही, ही माझ्या लेखी चैन आहे.

आता हे सगळं इतकं गोड असेल तर मग चिडचिड कशाची? मला वाटतं, आवडतं त्याचीच. लिनक्स ही सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. घरमालक नाही, म्हणून भाडं नाही, आणि आपण बाहेरगावी गेलो असताना परस्पर भिंत रंगवून टाकणाराही कुणी नाही. पण नळ गळायला लागला तर फोन करायलाही कुणी नाही. समिती आहे, नोटीस बोर्ड आहे, आणि मतं तर प्रत्येक जिन्यात.

डेबियनमध्ये हे अक्षरशः खरं आहे. इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने १९९३च्या ऑगस्टमध्ये हा प्रकल्प जाहीर केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, दोघांच्या नावांची जोडाजोड करून त्याला नाव दिलं. १९९८ पासून त्याला लिखित घटना आहे, दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते, आणि मोठ्या प्रश्नावर सर्व सदस्यांचं मतदान होतं. २०१४ साली सिस्टमडी नावाच्या गोष्टीवरून इथे जे रण माजलं, ते वाचताना मला आमच्या इमारतीच्या पार्किंगवरची सभा आठवली. संगणक सुरू होताना मागच्या मागे चालणारी कामं कुणी आणि कोणत्या पद्धतीने सुरू करायची, एवढाच वाद. तांत्रिक समितीत मतं समसमान पडली, शेवटी अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत वापरलं. ज्यांना निर्णय मान्य नव्हता त्यांतले काही जण बाहेर पडले आणि त्यांनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. २०१७ मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. सोसायटीच्या वार्षिक सभेला नियमाने बसणाऱ्याला यात काहीच नवल वाटायचं नाही.

दुसरं मतदान माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. वाय-फायच्या चिपला स्वतःचा एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो बहुधा कंपनीच्या कुलपात असतो, त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेली मूळ संहिता, मिळत नाही. डेबियनचं तत्त्व असं की आम्ही फक्त मुक्त, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर देणार. तत्त्व म्हणून उत्तम. व्यवहारात मात्र अनेक लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित इन्स्टॉल व्हायचं आणि वाय-फाय तेवढं बंद. ते चालू करायला जी फाइल लागते ती इंटरनेटवर, आणि इंटरनेटला लागतं वाय-फाय! २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सदस्यांनी मतदान करून ठरवलं की असं फर्मवेअर इन्स्टॉलरसोबत द्यायचं. बुकवर्मपासून ते येतं. तत्त्व दोन पावलं मागे सरलं आणि लोकांचं नेट सुरू झालं. मला मत असतं तर मी बाजूनेच दिलं असतं, आणि मग संध्याकाळभर थोडं वाईट वाटून घेतलं असतं.

मालक नाही म्हणून मनमानी नाही, असंही कुणी समजू नये. ग्नोम हा लिनक्सवरचा एक प्रमुख डेस्कटॉप. एप्रिल २०११ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती आली आणि खिडक्यांवरचं मिनिमाइझचं बटण गायब झालं. रचनाकारांच्या मते त्याची गरज उरलेली नव्हती. २०१८ मध्ये डेस्कटॉपवरचे आयकॉनही गेले. एवढी वर्षं ज्या कोपऱ्यात ‘चालू कामं’ हे फोल्डर हाताला सापडायचं, तो कोपरा तुमच्या कामाच्या पद्धतीत बसत नाही, असं तुमची कामाची पद्धत कधीही न पाहिलेला माणूस ठरवतो. फरक इतकाच की इथे भांडून वेगळं निघता येतं. काही लोकांनी जुन्या ग्नोमचा कोड घेतला आणि माटे नावाचा डेस्कटॉप सुरू केला. ऐकायला आपल्याकडचं आडनाव वाटतं, पण ते आहे दक्षिण अमेरिकेतल्या एका पेयाचं. मी या माट्यांच्या विंगमध्ये राहते. मिनिमाइझचं बटण जागेवर आहे.

खरी करकर मराठीत काम करताना सुरू होते.

कीबोर्डबद्दल तक्रार नाही. इन्स्क्रिप्ट लिनक्समध्ये जन्मजात असतं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. १९९१च्या भारतीय मानकात गेलेली ही मांडणी एकदा बोटांत बसली की हिंदीही तिच्यावरच येते, गुजराती-बंगालीही, फक्त अक्षरं बदलतात. रोमनमधून ‘एम-ए-आर-ए...’ करत मराठी लिहिणाऱ्यांची मला मनापासून दया येते. (त्यांना माझी येते, ते सोडा.) पण मराठी कीबोर्ड चालू असताना काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी चालतच नाही, कारण सीच्या जागी त्याला ‘म’ दिसतो. चहा घेऊन परत यावं, पडदा लॉक झालेला असावा, पासवर्ड टाकावा, तो चुकीचा म्हणावा, पुन्हा टाकावा, पुन्हा चुकीचा. दिसतात ते नुसते ठिपके. मग लक्षात येतं की आपण मघापासून शुद्ध देवनागरीत पासवर्ड टाकतोय.

टर्मिनल चावत नाही म्हणाले, पण ते देवनागरी मात्र धड दाखवत नाही. टर्मिनलचा पूर्वज म्हणजे टेलिप्रिंटर. प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकोनी खोली, हा हिशेब तिथून आलेला. ‘स्त्री’सारख्या अक्षराने कुठल्या खोलीत राहायचं? मग जोडाक्षरं फुटतात, वेलांटी शेजारच्या अक्षरावर चढते, ओळी वाचायच्या म्हणजे मोडीचा अभ्यास हवा असं वाटायला लागतं. ग्रेपने शोधून काढलेलं मी आता फाइलमध्ये उतरवते आणि ती फाइल एडिटरमध्ये उघडून वाचते. जुगाडच.

त्याहून बेरकी प्रकार म्हणजे सारखं दिसणारं पण वेगळं असलेलं. ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ऱ्य दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य. दोन, साधा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांना तंतोतंत तेच दिसतं. यंत्राच्या दृष्टीने मात्र हे दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तेच. त्याला स्वतंत्र सांकेतांक मिळाला २००८ साली, युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सांकेतांक-मानकाच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे, आणि अजूनही कितीतरी जण तसंच करतात. परिणाम असा की एका संपादकाने पाठवलेल्या फाइलमध्ये ‘कोपऱ्यात’ शोधावं आणि सापडू नये, तो समोर पहिल्याच ओळीत असताना. याचा दोष ऑपरेटिंग सिस्टमला देणं अन्याय आहे, पण रात्री कामाची मुदत गळ्याशी आलेली असताना न्यायबुद्धी कुणाची जागी असते? अशा वेळी कंट्रोल-शिफ्ट-यू दाबून सांकेतांक थेट टाइप करायची लिनक्समधली सोय उपयोगी पडते. ०९३१ म्हणजे ऱ. मला तो आकडा आता गॅसच्या ग्राहक क्रमांकापेक्षा चांगला पाठ आहे.

आणि ‘ल’. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा, तसाच श. आजच्या चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवलेली असेल तर मराठी ल दिसतो. हे सुंदर आहे. पण हिंदी फाइलमधून एखादी ओळ चिकटवली की ती आपली भाषा सोबत घेऊन येते आणि एकाच परिच्छेदात दोन लकारांचा संसार सुरू होतो. प्रूफ बघणाऱ्याला वाटतं डोळ्यांचा नंबर वाढला.

तरी फॉन्टच्या बाबतीत दिवस चांगले आहेत असं म्हणायला हवं. एके काळी मुक्त म्हणून मिळायचा तो रेड हॅटने दिलेला लोहित, आणि त्यावर समाधान मानायचं. आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता आहे, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे. मोठा मजकूर वाचायला मी शोभिका वापरते आणि पडद्यावरच्या मेनूंना मुक्ता. ज्या काळात प्रत्येक छापखान्याचा फॉन्ट वेगळा आणि तो नसला तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा पाचोळा दिसायचा, त्या काळातल्या फायली मला अजूनही येतात. त्या युनिकोडमध्ये आणण्याचं काम हा वेगळाच यज्ञ आहे, त्यात आज शिरत नाही.

सोसायटीचं एक मात्र मान्य करावं लागेल. एका प्रोग्रॅममध्ये ओळीच्या शेवटी जोडाक्षर फुटून अर्धं खालच्या ओळीत जायचं. मी धीर करून त्याच्या कर्त्यांकडे तशी नोंद केली, इंग्रजीत, जमेल तशी. काही दिवसांनी एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याला देवनागरीचा गंध नव्हता. त्याने विचारलं, यातला कोणता भाग कुठे असायला हवा? मी वहीच्या कागदावर अक्षर काढलं, बाण दाखवले, फोटो पाठवला. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त होऊन आलं. तिसऱ्या मजल्यावरचा, कधी बोलणं न झालेला माणूस यावा आणि आपला नळ दुरुस्त करून काही न बोलता निघून जावा, तसं. पगार नाही, बिल नाही. अर्थात, दुसऱ्या एका नोंदीवर आजतागायत ‘मलाही हाच त्रास होतो’ यापलीकडे काहीही आलेलं नाही.

प्रिंटरचं काय सांगावं! या सगळ्या मुक्त सॉफ्टवेअरच्या इतिहासाच्या मुळाशीच एक प्रिंटर आहे. १९८०च्या सुमाराला एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर होता आणि त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये एवढीच भर घालायची होती की कागद अडकला की सगळ्यांना निरोप जावा. त्यासाठी सोर्स कोड मागितला, तर तो ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेचा करार केलेला, त्याने नकार दिला. तो सल पुढे १९८३च्या ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टमच्या प्रकल्पापर्यंत गेला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिहायला घेतलेला कर्नल त्या ग्नूच्या साधनांना मिळाला आणि आजचं लिनक्स उभं राहिलं. म्हणजे एका अडकलेल्या कागदापासून इतकं रामायण, आणि आज जगभरातले सर्व्हर चालवणारी ही सिस्टम माझ्या टेबलावर बसते तेव्हा प्रिंट काढते पण स्कॅन करत नाही. नवे नेटवर्क प्रिंटर आता बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात म्हणे, माझा जुना आहे. त्याच्या कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर केला होता, तो कधीचा शिळा झाला. स्कॅनिंगला मी गल्लीच्या टोकाला जाते, जिथल्या दुकानावर ठसठशीत लाल अक्षरांत ‘झेरॉक्स’ लिहिलेलं आहे.

पण खरा अडसर सहीचा. एका सरकारी पोर्टलवर भाषांतराच्या कामाची निविदा भरायची तर डिजिटल सही लागते, म्हणजे तो पेन ड्राइव्हसारखा दिसणारा डीएससीचा टोकन. टोकनचा ड्रायव्हर लिनक्सवर कसाबसा बसतो. त्या पोर्टलला सही करायला जो छोटा प्रोग्रॅम लागतो, तो मात्र फक्त विंडोजचा. मदतकक्षाला फोन केला तर पलीकडून विचारतात, ‘मॅडम, विंडोज कुठलं आहे?’ विंडोज नाही म्हटल्यावर क्षणभर शांतता, आणि मग, ‘मॅकबुक आहे का?’ आता मी फोन करत नाही. टोकन पर्समध्ये टाकते, मिरजेची बस पकडते आणि धाकट्या बहिणीच्या लॅपटॉपवर सही करून येते. ती पोहे करते. सहीला लागतात दोन मिनिटं, बाकी दुपार गप्पांत जाते.

तर झालंय असं, की बहिणीचा लॅपटॉप विंडोज १०चा आहे. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो, तो तिच्या मशीनमध्ये नाही. मशीन मात्र ठणठणीत. तशी डेबियननेही ट्रिक्सीपासून ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलंय, म्हणजे जुनं टाकण्यात इथलीही मंडळी अगदीच मागे नाहीत. पण बहिणीचा लॅपटॉप ६४ बिटचा आहे, त्यावर डेबियन सुखाने नांदेल. तिचं काम तरी काय, यूट्यूबवरच्या मैफली, पेन्शनचे कागद आणि मुलाशी व्हिडिओ कॉल.

परवा जर्मनीहून भाच्याचा फोन आला. ‘मावशी, आईच्या लॅपटॉपवर आता तूच डेबियन घालून दे. तुला येतंय की सगळं.’ कौतुक झाल्यामुळे मी लगेच हो म्हणणार होते. मग टोकन आठवला.

‘मार्चअखेर होऊ दे,’ मी म्हटलं, ‘निविदा भरून झाल्या की बघू.’

पलीकडून बहिणीचाही आवाज आला, ती कॉलवर होती हे मला माहीत नव्हतं. ‘मार्चनंतर जूनच्या असतात ना गं तुझ्या?’